घरचं नाव

डबल रोलचा पिक्चर लागला की भाऊ इंटरव्हललाच उठून जायचे. आणि काळ असा, की दर दोन पिक्चरांआड एक डबल रोल. ऊर्जानगरातली आम्ही दोन-चार घरची मंडळी मिळून चंद्रपूरला पिक्चर पाहायला जायचो. पडद्यावर एकाच तोंडाचे दोन हिरो समोरासमोर यायचे, आख्खं थेटर शिट्ट्या मारायचं, आणि भाऊ आमच्या गुडघ्यांना धक्के देत बाहेर पडायचे. पिक्चर सुटल्यावर ते टपरीवर सापडायचे, चेहरा उतरलेला, हातात गार झालेला चहा.

"काऊन उठले जी, भाऊ?"

"डोस्कं दुखून राह्यलं होतं, बाई."

दर वेळी डोस्कंच. मी म्हणायची, "तुम्हाला एकच हिरो पचतो." ते हसायचे, पण ते हसू काही खरं नसायचं.

भाऊ आमच्या समोरच्या क्वार्टरमध्ये राहायचे. पॉवर स्टेशनच्या कंट्रोल रूममध्ये शिफ्ट ड्यूटी. मी टाउनशिपच्या शाळेत मास्तरीण, म्हणून ते मला बाई म्हणायचे. उंच, वाळका माणूस, मे महिन्यातही पूर्ण बाह्यांचा शर्ट. त्यांचं नाव मी इथे लिहिणार नाही. लिहायचं म्हटलं तरी कोणतं लिहू, हा प्रश्न आहेच.

त्यांच्या तऱ्हा किती सांगू! रेडिओवर फर्माइशीची गाणी लागायची, तेव्हा गाण्याआधी ऐकणाऱ्यांची नावं वाचायचे: अमक्या गावाहून तमका, पिंकी, बबली आणि सारं कुटुंब. तेवढी नावं होईपर्यंत भाऊ आवाज बंद करायचे. गाणं सुरू झालं की पुन्हा मोठा. समोरून आमच्या घरात ते ऐकू यायचं आणि माझं टाळकं सरकायचं. बारशाला कधी यायचे नाहीत. वहिनी एकट्याच यायच्या, आणि "ह्यांची ड्यूटी आहे" म्हणायच्या. शिफ्टचं वेळापत्रक आम्हालाही पाठ होतं, पण आम्ही मान डोलवायचो.

आणि ह्या असल्या माणसाला वेड कशाचं, तर सिनेमाचं! टाउनशिपमध्ये फिल्म सोसायटी काढली ती भाऊंनीच. महिन्यातून एकदा नागपूरहून परदेशी पिक्चरचा लोखंडी डबा यायचा, हॉलमध्ये पांढरी चादर ताणायची, आणि आम्ही आपले समोशाच्या आशेनं बसायचो. खालच्या इंग्रजी ओळी वाचेपर्यंत वर बोलणारी माणसं निघून गेलेली असायची. पण पिक्चर संपला की भाऊ उठायचे आणि त्याची फोड करायचे. तो खरा खेळ. "पाह्यलं ते सोडा. आता समजून घेऊ," म्हणायचे, आणि बोटं मोडत, फेऱ्या घालत असं काही सांगायचे, की वाटायचं, अगं बाई, हे सगळं आपण पाहिलं का? पिक्चरपेक्षा फोडीलाच गर्दी जास्त.

एक पिक्चर आला. त्याचं नावही मला आता आठवत नाही, आणि आठवू नये अशीच माझी इच्छा आहे. कुठल्याशा थंड देशातला टपाल खात्यातला कारकून. गाडीत त्याचा डोळा लागतो आणि तो भलत्याच स्टेशनवर उतरतो. फलाटावर एक बाई दोन पोरं घेऊन उभी. ती त्याला दुसऱ्याच कोणाच्या नावानं हाक मारते, पोरं बाबा-बाबा करत पायाला बिलगतात. तो नाही-नाही म्हणतो, ते हसतात. परतीची गाडी सकाळी, बाहेर बर्फ, म्हणून तो एका रात्रीपुरता त्यांच्याकडे जातो. सकाळी स्वयंपाकघरातून ती बाई त्याच नावानं हाक मारते, आणि हा पठ्ठ्या अर्धवट झोपेत ओ देतो.

झालं. त्या दिवसापासून त्याला रोज एकच स्वप्न. त्याचं स्वतःचं घर, त्याचाच पलंग, आणि त्यावर कोणीतरी पाठमोरं झोपलेलं. तो झोपलेला कूस बदलतो, की जागेपणी ह्याचं काहीतरी नाहीसं होतं. आधी बोटातली अंगठी, मग हस्ताक्षर, मग आईचा चेहरा. शेवटी तो झोपलेला पूर्ण वळतो, डोळे उघडतो, आणि सगळा पडदा पांढराफटक. संपला पिक्चर!

हॉलमध्ये दिवे लागले. मग एकेकानं तोंड उघडलं. एक इंजिनियर साहेब म्हणाले, हा मनाचा आजार आहे, ह्याला इंग्रजीत मोठं नाव आहे. युनियनचे एक जण म्हणाले, छे, कामगाराची ओळख मालक कशी गिळतो ते दाखवलं आहे. मला राहवेना. मी म्हणाली, "मेल्यानं पहिल्याच दिवशी ठणकावून सांगायचं ना, हे माझं घर नाही, हे माझं नाव नाही! इतकं काय जड होतं?"

सगळे हसले. भाऊ हसले नाहीत. त्या दिवशी त्यांनी फेऱ्याही घातल्या नाहीत, एका जागी उभे होते.

"बाई बरोबर बोलल्या," ते म्हणाले. "त्याचं सारं तिथंच संपलं. स्वप्न, झोप, हे सारं मागून आलं. परक्या नावाले त्यानं ओ देला. हाक कोनीबी मारते जी. ओ देल्यावर मानूस त्या नावाचा होते."

"मग शेवटी डोळे कोणी उघडले?" कोणीतरी विचारलं.

"ज्याचं ते नाव होतं, त्यानं."

आणि समोसे यायच्या आत घरी निघून गेले. फोडीत इतकं कमी बोललेले भाऊ मी कधी पाहिले नव्हते.

डबा दुसऱ्या दिवशी परत जायचा होता, तो गेला नाही. वहिनी माझ्याकडे आल्या. "बाई, हे ड्यूटीवरून घरी येतच नाई. हॉलमध्येच जाऊन बसते. तुमचं आयकते, तुम्ही पाहा ना." शाळा सुटल्यावर मी गेली. भर दुपारी हॉलच्या खिडक्यांना कांबळी टांगलेली. यंत्र कुरकुरत होतं. पडद्यावर तो पाठमोरा झोपलेला माणूस, आणि समोर भाऊ एकटे, मान वाकडी करून, जणू कडेनं वाकून पाहिलं तर तोंड दिसेल. मी हाक मारायला तोंड उघडलं, आणि मिटलं. मी मास्तरीण बाई, भुताखेतांना भीक न घालणारी, पण त्या दिवशी पावलं न वाजवता उलटी फिरली आणि उन्हात आल्यावर मोठ्यानं श्वास घेतला.

त्यानंतर भाऊ वाळत चालले. झोप येऊ नये म्हणून तोंडात लवंग धरायचे, गच्चीवर येरझारा घालायचे. कंट्रोल रूमची नोकरी, तिथे जागरणाचा माणूस चालत नाही, म्हणून वहिनी धास्तावलेल्या.

मग एक दुपार. वहिनी आपल्या लहान मुलीला घेऊन दवाखान्यात गेलेल्या. कंपनीची बस खाली उभी, ड्रायव्हर हॉर्नवर हॉर्न मारतोय, आणि समोरचं दार सताड उघडं. पाहते तर भाऊ दिवाणावर झोपलेले. मी "भाऊ, अहो भाऊ" केलं. हलले नाहीत. तेवढ्यात खालून ड्रायव्हरनं वैतागून त्यांचं नाव घेऊन बोंब मारली.

भाऊ ताडकन उठून बसले. डोळे उघडे, पण त्या डोळ्यांत ओळख म्हणून नाही. भिंतीवरचं कॅलेंडर पाहिलं, मुलीचा फ्रॉक पाहिला, आपले हात उलटसुलट करून पाहिले. पाहुणा परक्या घरात पाहतो तसं.

"हे लेकराचं झबलं कोनाचं?" त्यांनी विचारलं. आवाज बारीक, शाळेतल्या पोरासारखा.

मी तांब्यातलं पाणी सरळ तोंडावर मारलं. मग भाऊ भानावर आले आणि दोन्ही हातांत तोंड झाकून हमसाहमशी रडले. बस निघून गेली. वहिनी परत आल्यावर मी दोघांना आमच्या स्वयंपाकघरात बसवलं, चहा टाकला आणि म्हणाली, "आता सांगा. न सांगता इथून उठायचं नाही."

भाऊंनी सांगितलं ते असं.

त्यांचं गाव सिंदेवाहीच्या पुढे, जंगलाला लागून. घरात दोन भाऊ. थोरला पहिलीत जात होता, तो तापानं गेला. धाकटा चारेक वर्षांचा. "शाळेत पोरं कमी. गुरुजीले शाळा टिकवाची होती. ते घरी आले अन् म्हणले, नाव लिहिलेलंच आहे, लहान्याले बसवा. बाबा म्हणले, बसवा जी. तेवढंच पोराचं नाव राहीन." वडिलांनी गावालाही सांगितलं, आता हाच तो. माणसंही तेच नाव घेऊ लागली. बापाचं मन कोण मोडणार? दाखला, नोकरी, लग्न, सारं त्या मेलेल्या लेकराच्या नावानं झालं.

"गुरुजी हजेरी घ्यायचे अन् मी हजर म्हणो. मले वाटे, तो मागं भिंतीले टेकून उभा आहे, अन् मी त्याच्या जाग्यावर बसलो. अजूनबी मले सपन पडते, बाई. मोहाच्या झाडाखाली एक पोरगं झोपून आहे, पाठ माह्याकडे. ते जागं झालं का मी नसन. त्या पिक्चरवाल्याले हे कसं माहीत झालं, ते मले समजून नाई राह्यलं."

वहिनींच्या हातातली बशी खाली आली. "म्हंजे मी लग्नात उखाण्यात नाव घेतलं ते…" मग म्हणाल्या, "सासूबाई तुम्हाले वेगळ्याच नावानं हाका मारते, मले वाटे लाडाचं असन."

"ते माह्यं नाव आहे," भाऊ म्हणाले. "माय एकटी घेते. बाबानं किती समजावलं, भांडले, पन ती नाई बदलली. म्हणे, गेला तो गेला, ह्याले काऊन मारता? आता दुनियेत तिच्याशिवाय ते नाव कोनी घेत नाई. माय आहे तोवर मी आहो, बाई. ती गेली का मी कोन?"

आता मला कळलं, दर महिन्याला हा माणूस एसटीचे धक्के खात गावाला का पळायचा. वहिनी सांगायच्या, हे तिथे जाऊन काहीच करत नाहीत. आईनं शेताच्या धुऱ्यावरून हाक मारली की ओ देतात, पोटभर जेवतात, आणि घोरत झोपतात. त्या पिक्चरनंतर तर दर सुट्टीला जात होते.

मी आपली उपाय काढायला पुढे. "मग वहिनी, आजपासून तुम्ही घ्या त्यांचं घरचं नाव! सोपं आहे."

वहिनींनी जीभ चावली. "काय बाप्पा, बाई! नवऱ्याचं नाव घेऊ? आयुष्य कमी होते त्याईचं!"

"मग मी घेते."

"नोका घेऊ," भाऊ घाईघाईनं म्हणाले. "तुमच्या तोंडचं चालनार नाई. ज्यानं ठेवलं त्यानंच घ्याव."

चहा निवला, तो तसाच ओतून दिला.

उन्हाळ्याच्या सुट्ट्या लागल्या होत्या. एका सकाळी गावाहून चुलतभाऊ आला, भाऊंहून पुष्कळ लहान, तिशीचाही नसेल. "माय धरत नाई आता. कोनाले ओळखूनबी नाई राह्यली. चला लवकर." वहिनी माझ्याकडे धावत आल्या. "बाई, तुम्ही चला. मले एकटीले ह्याईच्यासंगं भेव लागून राह्यलं." नवऱ्यासोबत जायला बायकोला भीती वाटते, हे ऐकून मलाच कसंतरी झालं. मुलीला आमच्या घरी ठेवलं आणि निघाली.

एसटीत भाऊ सगळ्या वाटेनं एकच बोलत होते, आमच्याशी नाही, स्वतःशी. "एकदाच घेजो, माये. एकदाच." शेजारच्या बाकावरची माणसं वळून पाहायची. वहिनींनी पदर तोंडात धरलेला. मी खिडकीबाहेर पाहात बसली, पण बाहेर सागाची पानगळ झालेलं रान, तेही उघडं-बोडकं. धीर येईल असं काही दिसेना.

घरासमोर अंगणभर मोहफुलं वाळत टाकलेली, त्याचा गोडसर, डोकं जड करणारा वास. छपरीत बाजेवर म्हातारी. मुटकुळं उरलं होतं नुसतं. भोवती नात्यातल्या बायका, दाराशी माणसं. थोरल्याला पाहिलेलं त्यांत कोणी उरलं नव्हतं. भाऊ बाजेजवळ खाली बसले.

"माये, मी आलो."

काही नाही. त्यांनी तिचा हात आपल्या गालावर ठेवला. "माये, पाह्य ना माह्याकडे. नाव घे माह्यं."

म्हातारीनं डोळे उघडले. बराच वेळ पाहात राहिली. मग तिचा चेहरा असा उजळला, की बायका पुढे सरकल्या. बोळक्या तोंडानं, खणखणीत आवाजात तिनं हाक मारली.

शाळेतलं नाव. थोरल्याचं.

"ओळखलं! बुढीनं लेकाले ओळखलं!" घरभर आनंद झाला. एक मामी तर रडायला लागली. त्या एवढ्या गर्दीत काय झालं हे आम्हा तिघांनाच माहीत, आणि आम्हाला बोलता येत नव्हतं. भाऊंचा चेहरा मला दिसत नव्हता, पाठ दिसत होती. शर्ट घामानं चिकटलेला.

म्हातारीनं पुन्हा तीच हाक मारली. पुन्हा. आता तिच्या आवाजात काकुळती आली. "कवाची बोलावून राह्यली रे तुले… रागावला का माह्यावर?" डोळ्यांतून पाणी गळायला लागलं.

"अरे, ओ दे ना बाप्पा!" चुलतभाऊ ओरडला. "मरती माय हाका मारून राह्यली अन् तू मुका बसला!"

मी मनात म्हणत होती, देऊ नका, भाऊ, देऊ नका. आणि त्याच वेळी म्हणत होती, द्या हो, अशी कशी जाऊ देता तिला! दोन्ही मनापासून. वहिनींची नखं माझ्या दंडात रुतलेली.

"ओ, माये," भाऊ म्हणाले.

म्हातारी शांत झाली. त्यांच्या केसांतून हात फिरवला. मग एकदम कपाळाला आठ्या पडल्या. "अन् लहान कुठी आहे?" तिनं विचारलं, आणि भाऊंचं घरचं नाव घेतलं. आयुष्यात पहिल्यांदा ते नाव माझ्या कानांवर पडलं. साधंसं, दोन अक्षरी नाव.

"कोनता लहान?" मामी पुटपुटली. "बरळून राह्यली बिचारी."

"त्याले बोलाव. उन्हाचा भटकून राह्यला. अंगात ताप आहे त्याच्या." ती उठायला बघू लागली, बाज करकरली. "जा ना रे, हाक मार त्याले!"

ताप कोणाला आला होता? कोण गेलं होतं त्या वर्षी? हे नक्की सांगणारी ती एकटीच उरली होती. भाऊंना काय ठाऊक, चार वर्षांच्या पोराला लोकांनी सांगितलं तेवढंच. हा विचार माझ्या डोक्यात आला. भाऊंच्याही आला असणार. ते उठले तेव्हा त्यांनी भिंतीचा आधार घेतला.

ते अंगणात गेले. मोहफुलांच्या कडेला उभे राहिले, रानाकडे तोंड करून, आणि स्वतःच्याच नावानं हाक मारली. मोठ्यानं. थांबले. कान दिला. पुन्हा हाक मारली, ह्या खेपेला नाव लांबवत, हरवलेल्या लेकराला मारतात तशी. गल्लीतली पोरं खेळ थांबवून बघायला लागली. रणरणतं ऊन, पान हलत नव्हतं. मला त्या क्षणी एकच भीती होती, की त्या सागाच्या रानातून कोणीतरी ओ देईल. खरंच सांगते, मी दोन्ही कानांवर हात ठेवले.

कोणी ओ दिला नाही.

भाऊ आत आले, बाजेजवळ पुन्हा बसले. म्हातारी वाट पाहात होती.

"तो नाई येत, माये."

तिनं थोडा वेळ दाराकडे पाहिलं. मग त्यांचा हात हातात घेतला आणि डोळे मिटले.

"राहू दे मंग," ती म्हणाली. "तू आहे ना."

"हव," भाऊ म्हणाले.